परदेशी नटाला तोडकं मराठी बोलायला का लावता?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकांचं पत्र होतं. हॉलिवूडचे नट हल्ली फ्रेंच, स्पॅनिश सिनेमांत दिसतात तो सगळा पोस्टरवर मोठं नाव छापायचा प्रकार आहे आणि मराठी सिनेमानं या फंदात पडायचं काहीएक कारण नाही, असं त्यांचं म्हणणं. पत्र तळमळीनं लिहिलेलं होतं, मराठी सिनेमाबद्दलची त्यांची काळजी मला समजते, पण मत मात्र पटलं नाही आणि का पटलं नाही ते जरा सविस्तर लिहिते, जागा असेल तेवढं छापा. मी पुण्यात गेली बरीच वर्षं परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवते, त्याच्या आधी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले आणि सिनेमा बघायची आवड लागली ती लॉ कॉलेज रोडवरच्या जुने सिनेमे जपणाऱ्या फिल्म अर्काइव्हमुळे. त्यामुळे परक्या भाषेत तोंड उघडणारा माणूस हा माझ्या रोजच्या कामातला विषय आहे.

आधी जोडी फॉस्टरचं घ्या, कारण त्या पत्रात तिचं नाव होतं. २०२५ च्या फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात रेबेका झ्लोटोव्हस्की या फ्रेंच दिग्दर्शिकेचा सिनेमा दाखवला, त्यात जोडी फॉस्टर मुख्य भूमिकेत आहे, पॅरिसमध्ये राहणारी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ, आणि ती फ्रेंच बोलते. आता याला पोस्टरची युक्ती म्हणायचं असेल तर ही बाई लॉस एंजेलिसच्या फ्रेंच शाळेत शिकलीये, १९७७ साली चौदा-पंधरा वर्षांची असताना तिनं फ्रेंच सिनेमात काम केलंय, २००४ मध्ये परत एका फ्रेंच सिनेमात छोटी भूमिका केली, हे सगळं कुठे ठेवायचं? एवढ्या वर्षांची भाषा अंगात मुरलेली असताना फ्रेंच दिग्दर्शिकेनं तिला अख्खा सिनेमा दिला यात मला तरी काही खोटं दिसत नाही, उलट इतकी वर्षं कुणी दिला कसा नाही याचंच नवल वाटतं.

व्हिगो मॉर्टेन्सन या अमेरिकन नटाचंही तसंच. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, पण लहानपण अर्जेंटिनात गेलं म्हणून स्पॅनिश घरच्यासारखी. २००६ मध्ये त्यानं स्पेनच्या एका मोठ्या ऐतिहासिक सिनेमात सतराव्या शतकातला स्पॅनिश सैनिक केला. पण अर्जेंटिनाची स्पॅनिश वेगळी आणि स्पेनची वेगळी, म्हणजे नागपूरच्या माणसाला सदाशिव पेठेतलं पात्र करायला दिलं तर त्याला जेवढी मेहनत पडेल तेवढी त्यालाही पडलीच असणार. भाषा येते म्हटल्यावर प्रश्न संपला असं नसतं, कुठली भाषा, कुठल्या काळातली, कुठल्या थरातल्या माणसाची, हे सगळं नटाला करावंच लागतं.

आता कुणी म्हणेल, हे दोघं भाषा येणारे, न येणाऱ्यांचं काय? तिथे इटलीचा इतिहास बघायला हवा. आपल्याकडे फार कमी लोकांना माहिती असतं की इटलीत कित्येक दशकं सिनेमाचा आवाज शूटिंगच्या वेळी धरतच नसत, नंतर स्टुडिओत भरायचे. १९३० च्या दशकापासून परदेशी सिनेमे इटालियनमध्ये डब करूनच दाखवायचे अशी सरकारी सक्ती होती, त्यातून डबिंग करणाऱ्या कलाकारांचा एक कसलेला वर्गच तयार झाला आणि मग देशी सिनेमाही त्याच पद्धतीनं व्हायला लागले. सेटवर ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत बोलायचं. सर्जिओ लिओनेचा १९६४ चा तो पहिला गाजलेला वेस्टर्न, त्यात क्लिंट ईस्टवुड इंग्रजीत बोलतोय, समोरचा इटालियन नट इटालियनमध्ये, बाई जर्मन, आजूबाजूचे स्पॅनिश, शूटिंगही स्पेनमध्ये, आणि सगळ्यांचे आवाज मागाहून. इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या ‘ला स्त्रादा’ मध्ये (१९५४) छातीवरची साखळी तोडणारा तो दांडगा सर्कसवाला अँथनी क्विन, तोही अमेरिकेहून आलेला, आणि पडद्यावर ऐकू येणारा आवाज एका इटालियन नटाचा. त्याच सिनेमातला तारेवर चालणारा वेडा रिचर्ड बेसहार्ट, तोही अमेरिकन.

आणि १९६३ हे वर्ष तर कमाल आहे. त्या वर्षी कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला व्हिस्कोंतीच्या ‘इल गात्तोपार्दो’ ला, आणि व्हेनिसचा सर्वोच्च पुरस्कार फ्रान्चेस्को रोझीच्या नेपल्समधल्या बिल्डर लोकांच्या भ्रष्टाचारावरच्या सिनेमाला. दोन्ही अस्सल इटालियन सिनेमे, विषय इटलीचे, दिग्दर्शक इटालियन आणि दोन्हीत मुख्य भूमिकेत अमेरिकन नट, एकात बर्ट लँकेस्टर, दुसऱ्यात रॉड स्टायगर. दोघांचाही इटालियन आवाज दुसऱ्याचा.

लँकेस्टरवर मला जरा थांबायचंय कारण तो त्या पत्रलेखकांच्या बाजूनं जाणारा दाखला वाटू शकतो. तो त्या सिनेमात आला तो अमेरिकन स्टुडिओच्या पैशामुळे, स्टुडिओला मोठं नाव हवं होतं, व्हिस्कोंतीच्या मनात आधी दुसरे नट होते आणि हा अमेरिकन मारधाडवाला त्याला नको होता. म्हणजे सुरुवात अगदी पोस्टरपासूनच झाली. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेला, तरुणपणी सर्कशीत कसरती करणारा माणूस, त्याला सिसिलीचा म्हातारा होत चाललेला सरदार करायचा होता, ज्याचं सगळं जग १८६० च्या इटलीच्या एकीकरणात हातातून निसटतंय. पण सिनेमा बघा. शेवटचा तो नाचाचा लांबलचक प्रसंग बघा, तो माणूस त्या गर्दीतून, त्या उकाड्यातून नुसता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरतोय, तरुण मुली खिदळतायत, तो रुमालानं कपाळ पुसतो, एका चित्रासमोर थांबतो, मग भाच्याच्या वाग्दत्त वधूबरोबर वॉल्ट्झ करतो आणि तेवढ्या वेळापुरता त्याचा ताठ कणा परत येतो. यातलं काहीच आवाजात नाहीये, सगळं चालण्यात, मानेत, हातांत आहे. त्या सिनेमाची एक इंग्रजी आवृत्तीही निघाली, लांबी कापलेली, तिच्यात लँकेस्टरचा स्वतःचा आवाज आहे आणि बाकी सगळे डब केलेले, आणि तरी जाणकार इटालियन आवृत्तीच बघा म्हणतात. पैशासाठी आलेला नट सुद्धा, दिग्दर्शकानं त्याच्याकडून काम करून घेतलं आणि त्यानं मन लावून केलं तर त्या मातीतला होऊ शकतो. पुढे १९७४ मध्ये व्हिस्कोंतीनं परत त्यालाच घेतलं, आता यापेक्षा जास्त काय पुरावा हवा.

फ्रान्समध्ये वेगळीच गोष्ट झाली. १९६० चा फ्रेंच दिग्दर्शक गोदारचा पहिला सिनेमा, त्यात जीन सीबर्ग, आयोवा राज्यातल्या मार्शलटाउन नावाच्या गावची मुलगी, पॅरिसच्या रस्त्यावर अमेरिकन पेपर विकणारी विद्यार्थिनी झालीये. तिचं फ्रेंच अमेरिकन हेल काढलेलं आहे आणि गोदारनं तो हेल पुसला नाही. मी फ्रेंच शिकत असताना हा सिनेमा बघितला तेव्हा तिचं बोलणं मला आमच्या वर्गातल्यासारखं वाटलं होतं, वाक्य बरोबर, पण प्रत्येक शब्दावर पाय जरा जपून टाकलेला. त्या हेलामुळेच ती मुलगी खरी वाटते, त्या शहरात ती परकी आहे, तिला सगळं कळतं आणि तरी सगळं कळत नाही, हे तिच्या तोंडून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाक्यात आहे. कुणी हसत नाही तिला. मला वाटतं हे महत्त्वाचं आहे, हेल होता पण हेल म्हणजे विनोद नव्हता.

आणि जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा १९९१ चा नागासाकीवरचा सिनेमा. त्यात रिचर्ड गिअर आहे, हवाईहून आलेला अर्धा जपानी भाचा. म्हातारी आत्या नागासाकीजवळ डोंगरात राहते, तिचा नवरा ९ ऑगस्ट १९४५ च्या बाँबमध्ये गेला, आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांना त्याचं भानच नव्हतं. रात्री बाहेर बाकावर दोघं शेजारी बसतात आणि हा भाचा तिला जपानीतून म्हणतो की आम्हाला हे कळलं नाही, चुकलं आमचं. थोडीशीच वाक्यं आहेत, सोपी, जपून म्हटलेली. म्हातारी म्हणते, असू दे. हाच प्रसंग इंग्रजीत केला असता आणि कुणीतरी शेजारी बसून भाषांतर केलं असतं तर काय उरलं असतं त्यात? हॉलिवूडचा एवढा मोठा नट, पण म्हातारीच्या भाषेत तो लहान मूल आहे आणि माफी मागणारा माणूस तसाच असायला हवा. कुरोसावाला हे माहीत होतं. सिनेमावर तेव्हा टीकाही झाली, अमेरिकेत काहींना आवडला नाही, पण तो बाकावरचा प्रसंग मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवते.

चुकीची उदाहरणं नाहीत असं नाही. २०२४ चा ‘एमिलिया पेरेझ’, फ्रेंच दिग्दर्शक, भाषा स्पॅनिश, गोष्ट मेक्सिकोची आणि बरंचसं शूटिंग पॅरिसजवळच्या स्टुडिओत. झोई साल्दान्याला ऑस्कर मिळालं आणि ते मिळायलाच हवं होतं, तिच्या घरातच स्पॅनिश आहे. पण सेलेना गोमेझच्या स्पॅनिशवर मेक्सिकोतले लोक प्रचंड चिडले आणि माझं मत विचाराल तर दोष तिचा कमी आणि सिनेमा करणाऱ्यांचा जास्त, कारण दिग्दर्शकाला स्वतःलाच स्पॅनिश येत नाही, मग सेटवर तिला कोण थांबवणार होतं, हे वाक्य परत घे, इथे जीभ अडखळतेय, असं कोण म्हणणार होतं? प्रेक्षकांनी मुलीला धरून झोडपलं. कोरियाच्या ‘स्क्विड गेम’ मध्येही २०२१ साली ते मुखवटेवाले श्रीमंत परदेशी लोक आले तेव्हा एवढ्या चांगल्या मालिकेत त्यांचे संवाद कसे लाकडी वाटत होते ते सगळ्यांनीच बघितलं.

आता आपल्याकडे येते, कारण मला खरं लिहायचंय ते हे.

पुण्यात एफटीआयआयमध्ये, म्हणजे सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, १९७२ ते ७४ एक गोरा मुलगा अभिनय शिकत होता, टॉम ऑल्टर. आईवडील अमेरिकन मिशनरी, जन्म मसुरीचा, १९५० चा. हिंदी-उर्दू त्याची लहानपणापासूनची, म्हणजे त्याला परदेशी म्हणणंच चूक. २००८ मध्ये पद्मश्री, २०१७ मध्ये गेले. सत्यजित राय यांनी ‘शतरंज के खिलाडी’ मध्ये (१९७७) त्यांना कॅप्टन वेस्टन केलं, जनरल औट्रमच्या हाताखालचा अधिकारी. त्यात औट्रम त्याला विचारतो की हा लखनौचा राजा कविता करतो म्हणे, कसल्या करतो? आणि वेस्टन वाजिद अली शाहची कविता उर्दूत म्हणून दाखवतो, मग साहेबाला तिचा अर्थ सांगतो. खोलीत दोन इंग्रज आहेत, एकाला ती कविता काहीच वाटत नाही आणि दुसऱ्याला ती आतून आवडलेली आहे पण वरिष्ठासमोर ते दाखवता येत नाही. हे सगळं ऑल्टर यांच्या उर्दूवर उभं आहे. राय स्वतः बंगाली, पण या माणसाकडे काय आहे ते त्यांनी ओळखलं आणि वापरलं.

बाकीच्या हिंदी सिनेमानं काय केलं? वर्षानुवर्षं त्याच माणसाला सोल्जर टोपी घालून, चाबूक हातात देऊन ‘टुम’ आणि ‘हम’ करायला लावलं. इतकं सुंदर उर्दू बोलणाऱ्या माणसाला मुद्दाम मोडकं बोलायला लावलं कारण गोरा माणूस तसाच बोलतो असं आपण ठरवून टाकलंय. त्यांची खरी भाषा ऐकायची तर नाटकाला जावं लागायचं, मौलाना आझादांवरचा तो एकपात्री प्रयोग, गालिबवरचं काम. रंगभूमीनं त्यांना पूर्ण माणूस होऊ दिलं आणि पडद्यानं बहुतेक वेळा नाही, हे मला फार लागतं.

‘लगान’ चं (२००१) मात्र कौतुक करायला हवं, त्यांनी रेचल शेली आणि पॉल ब्लॅकथॉर्न हे खरे नट इंग्लंडहून आणले, हिंदी बोलून घेतलं. ते ब्रिटिश, अमेरिकन नाहीत, पण मुद्दा तोच.

मराठीत टिळक, चापेकर बंधू, रँडचा वध, हे विषय आपण परत परत करतो, करायलाच हवेत, १८९७ सालचा तो गणेशखिंडीचा रस्ता आम्ही रोज जातो-येतो तोच आहे. पण त्यातले इंग्रज अधिकारी कोण असतात? कोऑर्डिनेटरला फोन जातो, उद्या सकाळी चार गोरे पाठव, मग कोरेगाव पार्कात राहणारा कुणीतरी, गोव्याला निघालेला कुणीतरी, उभा राहतो, ज्यानं आयुष्यात अभिनय केलेला नाही. ताटात लोणचं वाढावं तसा तो कोपऱ्यात वाढलेला असतो. आणि मग आपण म्हणतो की खलनायक पोकळ वाटला. ज्याला आपण माणूस म्हणून लिहिलंच नाही तो भरीव कुठून वाटणार, आणि समोर पोकळ माणूस उभा केला की आपल्या नायकाची लढाईसुद्धा हलकी होते.

दुसरं म्हणजे आता इतिहास सोडून रोजच्या आयुष्यातही अमेरिकन माणूस आलाय. कोथरूड घ्या, बाणेर घ्या, एकेका सोसायटीत किती घरांतली मुलं तिकडे आहेत, कितीतरी घरांत अमेरिकन सून किंवा जावई आहे, त्यामुळे नाटक-सिनेमात ही पात्रं येणारच. पण ती कशी येतात? गोरी सून म्हणजे नऊवारी नेसून पडणारी, मिरची खाऊन पाणी पाणी करणारी, उलटंसुलटं मराठी बोलून टाळ्या घेणारी. मी अशा खऱ्या सुनांना शिकवलंय म्हणून सांगते, त्या घरात गप्प बसलेल्या असतात. सगळे एकदम बोलत असतात, विषय दर मिनिटाला बदलतो, एक वाक्य जुळवून होईपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. सासूबाई प्रेमानं वाढतात आणि ही ‘पुरे’ म्हणायला घाबरते कारण उद्धट वाटेल. त्यात केवढं नाट्य आहे! पण ते करायला नटी लागते आणि लेखकाला कान लागतो.

माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. अमेरिकन, कॉलेजात नाटकाचं शिक्षण घेतलेली, मराठी शिकायला पुण्यात आली. फार कष्टाळू मुलगी. ‘चार’ मधला च आणि ‘चाक’ मधला च वेगळा हे तिच्या कानाला लगेच कळलं, ‘ळ’ मात्र बसेना, तर रोज मंडईत जाऊन मावशींशी बोलायची, केळी, काकडी... नाही, काकडीत ळ नाही म्हणून काकडी सोडून जांभळं, आवळे, भोपळा, कोहळा, म्हणजे ळ असलेलंच सगळं विचारायचं. मावशी तिला दरडावून परत म्हणायला लावायच्या आणि जमलं की वर चार आवळे जास्त घालायच्या. सहा-सात महिन्यांत... नेमका हिशोब नाही सांगत, पण थोड्याच काळात ती अशी बोलायला लागली की पाठमोरी असती तर कळलंही नसतं.

तिला एका मराठी सिनेमात काम मिळालं. नाव लिहीत नाही. अमेरिकन सुनेचीच भूमिका, वाईकडे शूटिंग. मला इतका आनंद झाला होता. तिनं संवाद घेऊन आमच्या घरी तालीम केली. जेवणाच्या प्रसंगात तिचं वाक्य होतं ते तिला अडखळत बोलायचं होतं, तर तिनं विचार केला की ही सून सहा वर्षं या घरात आहे, हिचा नवरा मराठी बोलतो, मग ही अशी का बोलेल, आणि सेटवर पहिल्या टेकला ती सरळ म्हणाली, ‘आई, वरण फार छान झालंय, पण मला भात अगदी थोडा वाढा हं.’ समोरच्या ज्येष्ठ अभिनेत्री खूश झाल्या, त्यांनी त्याच ओघात उत्तर दिलं. आणि दिग्दर्शकानं कट म्हटलं. असिस्टंट येऊन तिला म्हणाला, मॅडम एवढं चांगलं नको, ‘मी भात थोडा पाहिजे’ असं म्हणा, लोक हसायला हवेत. तिनं समजावून सांगायचा प्रयत्न केला, ऐकलं नाही. तिनं तसं बोलून दिलं, व्यावसायिक मुलगी होती. नंतर कळलं की तेही पुरेसं मोडकं वाटलं नाही म्हणून तिचा आवाज काढून टाकला आणि मुंबईच्या एका मुलीकडून गोऱ्यांची नक्कल करून घेतली.

ती मला फोनवर म्हणाली, ताई, मग मी शिकले कशाला? मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. इटलीत लँकेस्टरचा आवाज बदलला तो त्याला त्या मातीतला करण्यासाठी, आणि इथे मराठी आलेल्या मुलीचा आवाज बदलला तो तिला परकी ठेवण्यासाठी. तंत्र एकच, डबिंग, पण काय फरक आहे बघा.

आणि हे आपल्याला शोभत नाही, विशेषतः पुण्याला. अमेरिकन विद्यार्थ्यांना मराठी शिकवणारा अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा कार्यक्रम इथेच चालतो. एलिनॉर झेलियट अमेरिकन, दलित साहित्याचा आणि आंबेडकरी चळवळीचा अभ्यास त्यांनी मराठीत शिरून केला. गेल ऑम्व्हेट मिनियापोलिसच्या, पण सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या होऊन गेल्या, २०२१ मध्ये तिथेच वारल्या. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणला मराठी माध्यमाची शाळा उभी केली, इथल्या मुलांना मराठी वाचायला शिकवलं. या बायकांचं मराठी ऐकून कुणाला हसायला आलं का कधी? महाराष्ट्रानं त्यांना आपलं मानलं, सभांना बोलावलं, त्यांचं बोलणं ऐकून घेतलं. मग एवढं उदाहरण डोळ्यासमोर असताना आमच्या लेखकांना अमेरिकन पात्र लिहायचं म्हटलं की फक्त मिरची आणि नऊवारी का आठवते?

अजून एक गट आहे ज्याचा कुणी विचारच करत नाही. अमेरिकेत जन्मलेली आपली मुलं. तिकडची मराठी मंडळं, १९८१ पासूनचं बृहन्महाराष्ट्र मंडळ, दर दोन वर्षांनी होणारी अधिवेशनं, तिथे एकांकिका होतात, नाटकं होतात, त्यात ही मुलं काम करतात. हीसुद्धा अमेरिकन नटमंडळीच की. त्यांचं मराठी घरातलं आहे, आजीकडून आलेलं, त्यात ‘ठ’ जरा मऊ असतो, काही शब्द तीस वर्षांपूर्वीचे असतात जे आपण इथे सोडून दिले. ती इकडे आली की आपण त्यांच्या उच्चारांना हसतो आणि मग ती इंग्रजीत बोलायला लागतात, मी हे माझ्याच नात्यात बघितलंय. अशा मुलाला त्याच्याच बोलीत, ती बोली न सुधारता, न खिजवता, एखादी गंभीर भूमिका दिली तर केवढी ताकदीची होईल. सीबर्गच्या बाबतीत गोदारनं तेच केलं होतं.

म्हणून त्या पत्रलेखकांना माझं सांगणं आहे की परदेशी नट नकोत हे म्हणू नका, परदेशी पात्राला खरा नट द्या असं म्हणा. निर्मात्यांकडे पैसे नसतात हे मला माहिती आहे, मराठी सिनेमाचं बजेट काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण मी हॉलिवूडचा स्टार आणा म्हणतच नाहीये. नाटक शिकलेले कितीतरी परदेशी तरुण पुण्या-मुंबईत येऊन राहतात. त्यांची ऑडिशन घ्या, जशी आपल्या नटांची घेता. संवाद आदल्या रात्री नका देऊ, महिनाभर आधी द्या. भाषा शिकवणारा माणूस सेटवर ठेवा, कॅमेऱ्याच्या मागे, ज्याला परत घ्या म्हणायचा अधिकार असेल. हेल राहिला तर राहू दे, तो पात्राचा आहे का एवढं बघा. आणि शक्यतो त्याचा स्वतःचा आवाज ठेवा. एफटीआयआयमध्ये, पिफमध्ये म्हणजे पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात या विषयावर एखादं सत्र झालं तर तिथे टॉम ऑल्टर यांचा तो कवितेचा प्रसंग दाखवून त्यावर बोलता येईल, तिथल्या मुलांना कळेल की त्यांच्याच संस्थेतून गेलेल्या माणसाचं काय करता आलं असतं.

मी स्वतः या कामाला तयार आहे. कुणी मराठी सिनेमा किंवा नाटक करत असेल आणि त्यात परदेशी नट असेल तर तालमीत बसून त्याचे उच्चार, बोलण्याची चाल करून घ्यायला मी येईन, मानधनाचा प्रश्न नाही, दोन अटी आहेत, नटाला पुरेसा वेळ द्यायचा आणि मुद्दाम वाईट बोलायला लावायचं नाही. माझा पत्ता आणि फोन नंबर पत्रासोबत वेगळा दिलाय, कुणी विचारलं तर कृपया कळवावा.

आपली,
एक मराठी शिक्षिका
सदाशिव पेठ, पुणे ३०